बत्तिसाव्या बिटाची रिकामी जागा

गेली २२ वर्षे मी गिरगाव, दादर, परळ या भागांत घरगुती वायरिंगची कामे करतो. गीझरच्या तक्रारी तर शेकड्याने पाहिल्या. तरीही गेल्या पावसाळ्यात गिरगावातल्या एका जुन्या इमारतीत आलेला अनुभव मी हाताखालच्या नव्या मुलांना आवर्जून सांगतो, कारण त्यात दोष गीझरचा नव्हता आणि वायरचाही नव्हता.

घर एका निवृत्त गृहस्थांचे होते. ‘गीझरचा एमसीबी वर केला की लगेच पडतो’, एवढीच तक्रार. एमसीबी म्हणजे प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच. अशा वेळी आधी संशय जातो तो एलिमेंटवर, म्हणून मी गीझरचा प्लग काढला; एमसीबी तरीही पडला. मग न्हाणीघराबाहेरच्या बोर्डावरचा स्विच बंद ठेवून पाहिले, तरीही तेच. स्विच बंद असताना एमसीबी पडतो, याचा अर्थ बिघाड स्विचच्या अलीकडे, म्हणजे वीज येते त्या बाजूला आहे. मुख्य पुरवठा बंद करून मीटर लावला, तर फेज आणि अर्थिंग यांच्यात रोध जवळजवळ शून्य. भिंतीतल्या नळीत वायर सोलली गेली असावी, असे मला वाटू लागले. जुन्या इमारतीत ते खरे ठरले, तर भिंत फोडण्यापर्यंत काम जाते.

तेवढ्यात माझे लक्ष टेबलावरच्या नव्या डबीकडे गेले. स्क्रूड्रायव्हरची एक मूठ आणि तिच्यात बदलून बसवायची ३२ सुटी टोके, म्हणजे बिटे, असा तो संच होता. प्रत्येक बिटाला स्वतःची खाच, आणि त्यांतली एक खाच रिकामी. मी विचारले, “काका, बोर्ड तुम्ही उघडला होतात का?” ते म्हणाले, “काल स्विच घट्ट करायला उघडला होता, पण एमसीबी आधी बंद केला होता हो. एक बिट तेवढे हातातून सुटले, कपाटाखाली गेले असेल.”

बोर्ड उघडला आणि बिट सापडले. न्हाणीघराच्या ओलीने फ्रेमचा स्क्रू गंजला होता आणि त्याच्या फुलीत डिस्टेंपर भरले होते. तिथे दाबून बसवलेले बिट स्क्रूतच रुतले आणि मूठ मागे ओढताच मुठीतल्या चुंबकाची पकड सुटली. काकांनी ते पकडीने ओढले, तेव्हा ते अर्धवट सैल झालेल्या फ्रेमच्या फटीतून मागच्या लोखंडी पेटीत पडले. पडल्या जागी ते निरुपद्रवी होते, पण फ्रेम पुन्हा दाबून बसवताना ते फेजचे टर्मिनल आणि अर्थिंग केलेली पेटी यांच्यामध्ये अडकले. जेमतेम २५ मिलिमीटरचा तो तुकडा मी तळहातावर घेतला. त्याच्या षटकोनी कडेवर काळा डाग होता आणि मोहरीच्या निम्म्याने भरेल एवढा वितळलेला खळगा. एमसीबीने आपले काम चोख केले होते.

काकांनी कळकळीने विचारले, “मग घरात ठेवायचे तरी काय?” स्क्रू नजरेआड आणि वीज जवळ, अशा जागी अखंड दांडीचाच स्क्रूड्रायव्हर हवा, यावर माझे मत पक्के आहे. त्यात सुटून पडण्यासारखे काही नसते. दुसरे कारण फुलीच्या खाचेतच आहे. हेन्री फिलिप्स यांच्या नावाने १९३६च्या अमेरिकी पेटंटांपासून ओळखल्या जाणाऱ्या या खाचेच्या कडा उतरत्या असतात, त्यामुळे पिळाचा जोर वाढला की टोक बाहेर ढकलले जाते आणि मागून सरळ दाब द्यावाच लागतो. बिट धरणाऱ्या मुठीच्या तोंडात, म्हणजे होल्डरमध्ये, ते किंचित हलते, दाब तिरका पडतो आणि गंजलेल्या स्क्रूचे डोके खराब होते. शिवाय मिक्सरच्या बुडाशी स्क्रू अरुंद, खोल भोकात असतात. तिथे होल्डरचे जाड तोंड शिरतच नाही.

बिटांचा संच टाकून द्या, असे मात्र मी म्हणालो नाही. लॅपटॉपचे बारीक स्क्रू, टॉर्क्स म्हणजे सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचा, षटकोनी खाचा यांसाठी वेगवेगळ्या मुठी घेणे परवडत नाही. कपाटांच्या बिजागऱ्यांवर पुष्कळदा फिलिप्ससारखीच दिसणारी पोझिड्राइव्ह खाच असते, तिच्या फुलीच्या मध्ये बारीक तिरप्या रेघा दिसतात. तिला पीझेड २, म्हणजे पोझिड्राइव्हचे दोन नंबरचे बिटच लावावे, नाहीतर टोक सटकते. काम संपल्यावर डबीतली बिटे मोजायची, एवढा नियम मी त्यांना घालून दिला.

रोजच्या पेटीसाठी मी कागदावर चारच नग लिहून दिले: फिलिप्स एक नंबर, फिलिप्स दोन नंबर, तीन मिलिमीटर चपटा आणि साडेपाच मिलिमीटर चपटा. दोन नंबरचा आणि तीन मिलिमीटरचा, हे दोन इन्सुलेटेड घ्या, असेही लिहिले. त्यांवर दोन त्रिकोणांचे चिन्ह आणि १००० व्होल्ट असे छापलेले असते आणि टोक सोडून सगळी दांडी आवरणात असते. हे आवरण हाती असले तरी पुरवठा बंद करून टेस्टर लावायचाच, हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतले. गंजलेला स्क्रू बदलून, फ्रेम बसवून एमसीबी वर केला, तो टिकला.

पुढच्या शनिवारी काकांचा फोन लोहार चाळीतून आला. दुकानात दोन नंबरचा स्क्रूड्रायव्हर १०० आणि १५० मिलिमीटर अशा दोन लांबींत होता, कोणता घेऊ म्हणून विचारत होते. घरच्या बोर्डांसाठी १०० पुरेल, मी म्हणालो.