टिचकी

माघ सरत आला की दुपारच्या उन्हाला धार चढते आणि मला सहकारनगरच्या आमच्या गच्चीवर जायला निमित्त मिळतं. कोपऱ्यात सातेरी मधमाश्यांची एक पेटी आहे. थंडीतून कशा निघाल्यात, ते बघायचं. शिकलो त्याप्रमाणे तोंडावर जाळी चढवावी, माश्या शांत करायला धुराडी पेटवावी, झाकण काढून पोळ्याची एकेक चौकट उचलावी. मी आधी पेटीला कान लावतो आणि टिचकी मारतो. आतून 'भुम्म' असा आवाज उठतो आणि लगेच विरतो. लगेच विरला तर बहुधा राणी आहे, घर जागेवर आहे. कण्हल्यासारखा रेंगाळला तर मात्र उघडून बघावं.

ही टिचकी आत्याची. चैत्र लागायच्या आत ती मला घेऊन कुंभारवाड्यात जायची. माठ उचलायचा, डाव्या हातावर तोलायचा, टिचकी, कान. "हा बद्द बोलतोय." दुसरा. "हा जरा बरा, पण गळ्याशी चीर आहे." दहा-बारा माठ झाले की कुंभारीणबाई म्हणायच्या, "ताई, माठ घ्यायचाय की गाणं शिकवायचंय?" आत्या हलायची नाही. शेवटी घेतलेला माठ रिक्षात मांडीवर धरून मला बसावं लागे, आणि वाटेत ती त्याला पुन्हा एकदा वाजवून बघे. कलिंगडालाही तीच परीक्षा. काकांच्या टकलावरही तिने कधीतरी टिचकी मारली असणार अशी मला शंका आहे.

असो. पेटी.

परवा कानावर भागलं नाही म्हणून चौकट उचलली. जाळीच्या आत चष्मा घसरला. तो वर ढकलायला बोट आत जात नाही, त्यामुळे मान मागे टाकून, नाक आक्रसून बघत होतो. समोरच्या गच्चीवर सांडगे घालणाऱ्या वहिनींना मी काय करतोय असं वाटलं असेल देव जाणे. शेवटी ऊन नेमकं पोळ्याच्या एका घरात पडलं आणि तळाशी अंडं दिसलं. पांढऱ्या दोऱ्याचा बारीक तुकडा, सरळ उभा. पहिल्या दिवशी उभं असतं, मग कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं होतं. म्हणजे राणीबाई काल-आजच इथून फिरून गेल्या. त्या स्वतः दिसल्या नाहीत. दिसायची गरजही नव्हती. दाराशी एक कामकरी माशी उतरली. मागच्या पायांवर परागाचे पिवळे गोळे, एक मोठा, एक लहान, आणि उतरताना चक्क घसरली.

मला हसू आलं. मग गेल्या फाल्गुनातली टिचकी आठवली.

तेव्हा आवाज रेंगाळला होता. चांगला लांब. मी ऐकला, समजलाही. पण घरात लग्न होतं, पत्रिका वाटायच्या होत्या, म्हटलं पुढच्या रविवारी उघडू. तो रविवार गेला, त्याच्या पुढचाही. उघडली तेव्हा मूठभर माश्या उरल्या होत्या. पिल्लं नाहीत, राणी गेल्यावर कामकरी माश्यांनीच एकेका घरात तीन-तीन अंडी वेडीवाकडी घातलेली, आणि कडेच्या पोळ्याला मेणकिड्यांची जाळी.

परवा चौकट जपून परत बसवली, झाकण ठेवलं, वर वीट ठेवली. खाली जाता जाता पुन्हा एक टिचकी मारली. काही कारण नव्हतं.