तुम्ही विचारलंत म्हणून: मेल्यावर माणूस ताठ का होतो?

मी मिरजेत सत्तावीस वर्षं वॉर्डात सिस्टर होते. आता रिटायर झालेय, पण गल्लीत कुणी गेलं की अजून पहिला फोन मलाच येतो आणि तिथं कुणीतरी हळूच कानाशी येऊन विचारतंच, "सिस्टर, माणूस असा लाकडागत कसा काय होतो ओ?" रडारड चालू असताना काय सांगणार, म्हणून निवांत लिहिते.

लोकांना वाटतं मरताना अंग आवळून येतं. तसं नाही, उलट जीव गेल्यावर आधी सगळं सैल पडतं, जबडा लोंबतो, म्हणून तर म्हाताऱ्या बायका लगोलग डोळे मिटतात, हनुवटीखालून फडकं बांधतात, पाय सरळ करून अंगठे बांधतात. शिकलेल्या नसतात पण टायमिंग परफेक्ट, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात तास-दोन तासांत पापण्या, जबडा, मान धरायला लागतात, मग हात, मग पाय, आणि बारा तासांच्या आसपास अख्खं अंग ताठ.

आता का ते. विहिरीतून हाताने घागर ओढलीय ना कधी? दोर धरायचा, ओढायचा, सोडायचा, परत पुढं धरायचा. स्नायूत हेच चालतं. मायोसिन नावाचे धागे असतात, त्यांना बारीक बारीक डोकी असतात, ती शेजारच्या ॲक्टिनच्या धाग्याला धरतात आणि ओढतात. आणि इथंच खरी मेख आहे, कारण धरलेलं *सोडायला* एटीपी लागतं, म्हणजे पेशीचं इंधन म्हणा. श्वास थांबला की ऑक्सिजन बंद, थोडा वेळ स्नायूतल्या साखरेच्या साठ्यावर भागतं, मग तेही संपतं. त्यात आत कोंडून ठेवलेलं कॅल्शियम बाहेर झिरपतं, ते म्हणजे डोक्यांना 'धरा' असा हुकूम. धरलं, पण सोडायला इंधन कुठंय? झालं, लॉक. जिथल्या तिथं.

म्हणून ज्याचं इंधन आधीच संपत आलंय तो लवकर ताठरतो. तापाने फणफणलेला, फिट येऊन गेलेला, नाहीतर दिवसभर ऊस तोडून फडातच कोसळलेला. थंडीत उशीर लागतो, आणि आइस बॉक्समध्ये ठेवलं तर ताठपणा लांबतो. नाहीतर दीड-दोन दिवसांत पेशींमधलेच रस त्या धाग्यांना तोडायला लागतात आणि अंग परत ढिलं पडतं, उन्हाळ्यात त्याआधीच. केसांच्या मुळाशीही इवले स्नायू असतात, ते धरले की मयताच्या अंगावर काटा येतो, ते बघून जिवंत माणसांच्या अंगावर येतो तो वेगळाच. मटणाचंही हेच, ताठ झालेलं तसंच शिजवलं तर चिवट लागतं, पण हे मी जेवताना सांगितलेलं आमच्या ह्यांना चालत नाही.

मागच्या मे महिन्यात शेजारचे तात्या पहाटे खुर्चीत बसल्या बसल्या गेले. घरच्यांना वाटलं झोपलेत, कळलं तेव्हा नऊ वाजलेले. गुडघे वाकलेले ते वाकलेलेच, उजवी मूठ अर्धी मिटलेली. लगेच कुजबूज सुरू, काहीतरी द्यायचं राहिलंय, जीव अडकलाय, थोरल्या लेकीची वाट बघतायत. लेक संध्याकाळी आली, तिच्या कानावर हे गेलं आणि ती हटूनच बसली की मूठ उघडा. मी म्हटलं अगं बसल्यावर हात जसा होता तसाच राहिलाय. ऐकेना. मग तिच्यासमोरच एकेक बोट धरून हळूहळू वाकवत सोडवलं, पूर्ण ताठरल्यावर असं सोडवलं की परत तितकं धरत नाही. "दुखत तर नाही ना ओ त्यांना?" असं तिने दोनदा विचारलं.

आत काही नव्हतं. तोंडात तुळशीपान ठेवायचं होतं पण जबडा काही केल्या हलेना, मग तिने ते त्याच हातात ठेवलं.