टूम्सचा सरकता जिना आणि तळ्याचा राखणदार

व्हँकुव्हरच्या सिटी हॉलसमोर सिटी स्क्वेअर नावाचा मॉल आहे. शंभर वर्षांहून जुन्या शाळांच्या दोन इमारती आणि त्यांना जोडणारं काचेचं छत. ऑक्टोबरातल्या एका ओल्या सकाळी मी तिथल्या सरकत्या जिन्याच्या तोंडाशी उभा होतो. जिना संपतो तिथे एक दातेरी पट्टी असते, आणि पायऱ्या सपाट होत होत एकेक करून तिच्याखाली शिरतात. शिरतात त्या कुठे जातात, हा प्रश्न मला वयाच्या तेराव्या वर्षी पडला आणि तेव्हापासून कुठल्याही मॉलमध्ये त्या पट्टीवर पाय ठेवताना मी खाली पाहतोच.

याला कारण यूजीन व्हिक्टर टूम्स, एका अमेरिकन मालिकेतला राक्षस.

‘द एक्स-फाइल्स’ आम्ही केबलवर पाहिली. मे महिन्याच्या सुट्टीत शिरोड्याला आजोळी जायच्या आधी मी पुण्यात मावशीकडे राहायचो. रात्री मावशी झोपली की मी आणि ताई, म्हणजे माझी मावसबहीण, टीव्हीचा आवाज अगदी बारीक करून बसायचो. इंग्रजी अर्धंच कळायचं. मुल्डर आणि स्कली हे एफबीआयचे, म्हणजे अमेरिकी तपास संस्थेचे, दोघे अधिकारी अंधाऱ्या खोलीत टॉर्च मारत शिरले की ताई माझा दंड धरायची. ती आता बावीस वर्षं व्हँकुव्हरजवळच्या सरे शहरात राहते. यंदा मी पहिल्यांदा तिच्याकडे गेलो. “काय बघायचंय तुला?” असं तिने फोनवर विचारलं तेव्हा मी धबधबे, पूल, बागा यांतलं काही सांगितलं नाही. ती लगेच म्हणाली, “टूम्सचा जिना ना? अरे, मीसुद्धा अजून पाहिलेला नाही.”

मालिका १० सप्टेंबर १९९३ रोजी अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर सुरू झाली. कथा अमेरिकेतल्या, एफबीआयचं ऑफिस वॉशिंग्टनचं, पण पहिले पाच सीझन चित्रित झाले ते कॅनडातल्या या शहरात. सहाव्या सीझनपासून सगळा संच लॉस एंजेलिसला गेला. फरक डोळ्यांना लगेच दिसतो. पहिल्या पाच वर्षांत पडद्यावर सतत एक ओल आहे. रस्ते चमकतात, झाडांतून वाफ निघते, दुपारी तीनलाच दिवेलागण झाल्यासारखं वाटतं. नंतर ऊन आलं आणि माझ्या मते भीती थोडी वाळली. मालिकेत परग्रहवासी आणि सरकारी कटाची एक लांबलचक कथा होतीच, पण आम्हा दोघांचा जीव गुंतला तो सुट्या भागांत, ज्यांना चाहते ‘मॉन्स्टर ऑफ द वीक’ म्हणतात. दर आठवड्याला एक नवा जीव, आणि त्याची एक वेगळी भूक.

टूम्स हा त्यातला पहिला. मालिकेचा तिसराच भाग, ‘स्क्वीझ’. दर तीस वर्षांनी हा माणूस जागा होतो, पाच यकृतं खातो आणि पुन्हा झोपी जातो. १९०३, १९३३, १९६३ आणि आता १९९३. धुराड्यातून, हवेच्या झडपेतून तो अंग लांबवून शिरतो. बाल्टिमोरमधल्या एका पडक्या इमारतीत, कागदाचे तुकडे पित्ताने चिकटवून केलेल्या घरट्यात झोपतो. डग हचिसन या नटाने तो इतक्या शांतपणे केलाय की पिवळे डोळे दिसायच्या आधीच पोटात गोळा येतो. एप्रिल १९९४ मध्ये ‘टूम्स’ या भागात तो परत आला. त्याची इमारत पाडून तिथे मॉल झालेला असतो. टूम्स मात्र जागा बदलत नाही, त्याच ठिकाणी, सरकत्या जिन्याच्या पोटात नवं घरटं करतो. मुल्डर तिथे रांगत शिरतो, टूम्स मागे लागतो, आणि शेवटी तो जिनाच त्याचा जीव घेतो. तो प्रसंग या सिटी स्क्वेअरमध्ये चित्रित झाला.

जिन्यापाशी उभं राहिल्यावर मला पहिल्यांदाच एक गोष्ट लख्ख जाणवली. टूम्स मॉलमध्ये आलाच नव्हता. मॉल त्याच्या जागेवर आला होता. ताईला तसं म्हटलं तर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “चल, वर जाऊन कॉफी घेऊ.” आम्ही पायऱ्यांनी गेलो.

दुपारी वेस्ट एंडमध्ये पेंड्रेल स्ट्रीटवर स्कलीच्या घराची इमारत बाहेरून पाहिली. साधी, नीटनेटकी, खाली झाडांची पिवळी पानं पडलेली. लोक राहतात तिथे, म्हणून फोटो न काढता पुढे निघालो.

दुसऱ्या दिवशी उत्तर किनाऱ्यावरच्या लोअर सीमोरच्या राखीव जंगलात गेलो. पहिल्या सीझनमधला ‘डार्कनेस फॉल्स’ इथे चित्रित झाला. माझ्या लेखी मालिकेतला सर्वांत मोठा भाग हाच, आणि त्यात राक्षस म्हणावा असा एकही चेहरा नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलात लाकूडतोडे नाहीसे होतात. तोडायला मनाई असलेलं, शेकडो वर्षांचं एक झाड त्यांनी चोरून पाडलेलं असतं आणि त्याच्या खोडात झोपलेले बारीक हिरवे किडे मोकळे होतात. किडे उजेडाला भितात, म्हणून रात्रभर दिवा जळत ठेवायचा. खोपटात दिवा एकच, आणि जनरेटरचं इंधन संपत आलेलं. चौघं माणसं त्या एका बल्बखाली बसून राहतात. बल्ब मंदावतो तेव्हा भिंतीवरून हिरवे ठिपके पुढे सरकतात. बाकी काही घडत नाही, आणि तरी श्वास घेववत नाही. चित्रीकरणाच्या वेळी पावसाने सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आणला होता.

आम्ही गेलो तेव्हाही पाऊस होता, पण आपल्याकडच्यासारखा कोसळणारा नाही. इथला पाऊस पडतोय असं वाटतच नाही, तो हवेतच असतो. वाट रुंद आणि सोपी, पण दहा पावलं आत शिरलं की आवाज बंद. पायाखाली शेवाळ, डोक्यावर देवदारासारखी उंच झाडं, मध्ये फक्त ठिबकणं. आजीच्या भाषेत चकवा लागावा अशी जागा.

आणि तिथे ते बुंधे दिसले. हे जंगल शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तोडलेलं आहे. आज उभी आहेत ती नंतरची झाडं, जुन्यांचे नुसते बुंधे उरलेत. एकेक बुंधा आमच्या न्हाणीघराएवढा. जमिनीपासून पुरुषभर उंचीवर दोन्ही बाजूंना वीतभर रुंदीच्या आडव्या खाचा. लाकूडतोडे या खाचांत फळी अडकवून तिच्यावर उभे राहायचे आणि करवत ओढायचे, कारण खाली बुंधा फार जाड. लांबून त्या दोन खाचा डोळ्यांसारख्या दिसतात. मी एका खाचेत हात घातला. आत कुऱ्हाडीचे घाव अजून हाताला लागतात. कडा मऊ झाल्यात, लाकडाचा भुसा होऊन बोटांना चिकटतो, पण घाव ओळखू येतो. त्याच बुंध्याच्या माथ्यावर हेमलॉकचं एक अख्खं झाड उगवलेलं, मुळं जुन्या खोडाच्या अंगावरून ओघळत जमिनीत गेलेली.

१९९३ च्या उन्हाळ्यात व्हँकुव्हर बेटावरच्या क्लेओक्वॉट साऊंडमध्ये, जुनी जंगलं वाचवण्यासाठी लोक रस्त्यात बसले होते आणि आठशेहून जास्त जणांना अटक झाली होती. ‘डार्कनेस फॉल्स’ १५ एप्रिल १९९४ ला दाखवला गेला. झाडाच्या पोटातून बाहेर पडणारी शिक्षा इथे चित्रित झाली, तेव्हा ती बातमी हवेत होतीच.

परतताना ताईच्या गल्लीत, पावसाचं पाणी जाणाऱ्या जाळीशेजारी रस्त्यावर रंगवलेला एक पिवळा मासा दिसला. भाचीने सांगितलं की शाळेतल्या मुलांनी तो काढलाय. या गटारात टाकाल ते शुद्ध न होता थेट ओढ्यात, माशांपर्यंत जातं, असा त्याचा अर्थ. मला लगेच फ्लूकमन आठवला. दुसऱ्या सीझनमधला ‘द होस्ट’. चेर्नोबिलचा किरणोत्सर्गी कचरा वाहणाऱ्या रशियन जहाजातून आलेला, न्यूअर्कच्या गटारांत राहणारा, अर्धा जंत अर्धा माणूस. त्या रबरी पोशाखात होता डॅरिन मॉर्गन. पोशाख चढवायलाच कित्येक तास लागायचे. पुढे त्याच डॅरिनने मालिकेसाठी लेखन केलं आणि ‘क्लाइड ब्रुकमन्स फायनल रिपोज’साठी एमी पुरस्कार मिळवला. त्याच्या कथांमध्ये विचित्र दिसणाऱ्यांबद्दल जी माया आहे, ती त्या पोशाखाच्या आत बसून आली असावी असं मला मनापासून वाटतं. ‘द होस्ट’मध्ये मुल्डरच्या तोंडी आहेच की हे निसर्गाचं काम नव्हे, आपलं आहे.

ऑक्टोबर १९९६ चा ‘होम’ हा भाग पुष्कळांना सर्वांत भयंकर वाटतो. प्रेक्षकांना आधी इशारा देऊन तो दाखवला होता. ताई तो पुन्हा पाहायला तयार नाही, मीही नाही. त्यातल्या खुनी भावांची कीव करायला जागाच ठेवलेली नाही.

शेवटचे दोन दिवस आम्ही गाडीने केलोनाला गेलो. होपपर्यंत फ्रेझर नदीच्या काठाने, मग कोक्विहाल्ला महामार्गाने घाट चढून मेरिट, आणि पलीकडे उतरलं की पाऊस संपतो. कोरडे, पिवळे डोंगर आणि त्यांच्या कुशीत ओकानागन तळं, लांबी सुमारे १३५ किलोमीटर. इथे कसलंही चित्रीकरण पाहायचं नव्हतं. मालिकेच्या ‘क्वॅगमायर’ या भागातलं तळं कथेत जॉर्जिया राज्यातलं आहे. त्यात स्कलीचा कुत्रा खाल्ला जातो, आणि ‘बिग ब्लू’ हा तळ्यातला राक्षस शेवटी मुल्डर पाठ फिरवून निघतो तेव्हाच पाण्यातून वर येतो. पण खराखुरा, लोकांच्या बोलण्यातला तळ्याचा राक्षस पाहायचा तर केलोनाला यावं. ओगोपोगो.

काठावर त्याचा पुतळा आहे. हिरवा, गुबगुबीत, मुलं पाठीवर चढून फोटो काढतात. ओगोपोगो हे नाव १९२० च्या दशकातलं, एका विनोदी इंग्रजी गाण्यावरून आलेलं. त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या सिल्क्स या मूळ रहिवासी लोकांकडे तळ्याच्या पवित्र आत्म्याचं नाव होतं. कानाला ते साधारण ‘न्हा-हा-इट्कू’ असं ऐकू येतं. पीचलंडसमोरचं रॅटलस्नेक बेट हे त्याचं ठिकाण मानतात. पाणी ओलांडायचं तर त्याला काहीतरी अर्पण करून जायचं. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याचं माणसं खाणारं श्वापद केलं, मग दुकानातलं खेळणं केलं. १९५६ पासून ओगोपोगोचा कॉपीराइट व्हर्नन शहराकडे होता. २०२१ मध्ये नगर परिषदेने तो ओकानागन नेशन अलायन्स या सिल्क्स लोकांच्या संघटनेकडे सोपवायचा ठराव केला.

हे मी पुतळ्याजवळच्या बाकावर ताईला वाचून दाखवत होतो. ती मध्येच म्हणाली, “म्हणजे राखणदारच की रे.”

मला इतक्या दिवसांत तो शब्द सुचला नव्हता. शिरोड्याला लागून आरवली. तिथे वेतोबाचं देऊळ. गाभाऱ्यात उंचापुरा वेतोबा, केळ्यांचे घड आणि पायांपाशी नवसाच्या भल्यामोठ्या चामडी चपला. रात्री तो गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या झिजतात, असं आजी सांगायची. झिजलेला तळ दाखवायला तिने एकदा मला उचलूनही घेतलं होतं. वेताळ म्हटलं की घाटावर लोक घाबरतात. आजी मात्र काळोखात परसात जाताना त्याचं नाव घेऊन जायची.

“त्याला कोणी राक्षस म्हटलं असतं तर आजीने काय केलं असतं?” मी विचारलं.

“तुला जेवायला वाढलं नसतं,” ताई म्हणाली.

परतीच्या वाटेवर पीचलंडला गाडी थांबवली. बेट समोर होतं, लहानसं, खडकाळ. पाणी सपाट, शिशासारखं. ताई खाली उतरली, वाकून पाण्याला हात लावला आणि तो ओला हात डोळ्यांना लावला, नदी ओलांडताना आजी लावायची तसा. भाचीने विचारलं की आई काय करतेय. मी तिला वेतोबाच्या चपलांची गोष्ट सांगायला सुरुवात केली. होपला पोचलो तेव्हा पाऊस परत लागला होता आणि तिला अजून पुढचं ऐकायचं होतं.