आमची वाटचाल : सातपाटीतलं जाळी-दोरांचं दुकान

सातपाटीचं नाव झालं पापलेटमुळे, आणि आमचं दुकान चाललं त्या पापलेटच्या जाळ्यांवर. पालघर तालुक्यातल्या या गावात मांगेला, वैती, कोळी अशी सगळी दर्यावर जगणारी घरं. आमचंही त्यातलंच एक. आजी घरी सूत कातायची, आजोबा दालदा, म्हणजे पापलेटसाठी पाण्यात पडद्यासारखं उभं राहणारं जाळं, विणायचे. तेव्हाचं सुती जाळं ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळून, वाळवून पुन्हा पुन्हा रंगवावं लागे, नाहीतर खाऱ्या पाण्यानं कुजायचं. पुढे नायलॉन आलं आणि विणणाऱ्या हातांची गरजच संपल्यासारखी झाली. आजोबांनी मग विणणं सोडून मुंबईहून जाळ्यांच्या गाठी आणून विकायला सुरुवात केली. तेच आमचं दुकान.

कारखान्यातून येतं ते जाळं नसतं, नुसतं जाळीचं कापड असतं. ते दोराला चढवावं लागतं, वर तरंगणारे बोये आणि खाली शिसं बांधावं लागतं. दालद्याला दोराच्या साधारण दुप्पट लांबीची जाळी त्या दोरावर सारखी वाटून बसवतात. ताणून बसवली तर आस, म्हणजे जाळ्याचं एकेक भोक, मिटते, फार सैल सोडली तर मासा गुंडाळला जातो. आमच्याकडे हे काम पहिल्यापासून वाडीतल्या बायका करतात. त्यातल्या जुन्या मावशी दोराचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवतात, दोन बोटांनी आस ओढून गाठ सरकते का बघतात आणि सरकली तर काही न बोलता उसवतात. त्यांचा हात फिरल्याशिवाय जाळं दुकानातून बाहेर जात नाही, हा वडिलांचा नियम मी मोडलेला नाही.

दालद्यात मासा कल्ल्यापाशी अडकतो. आसेपेक्षा लहान मासा आरपार जातो, फार मोठा डोकंच घालू शकत नाही. म्हणजे कोणत्या आकाराचा मासा धरायचा, हे बोट खाडीतून सुटण्याआधी, जाळी घेतानाच ठरतं. डोल जाळ्याचं तसं नाही. भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड उघडं ठेवलेली ती पिशवी, आणि तिच्या शेवटच्या खोळीची आस इतकी बारीक की बोटाएवढं पापलेटही सुटत नाही. मोठं पापलेट कमी मिळू लागलं तशी दालद्याचीही आस गावोगाव आखडत गेली. वडिलांच्या काळात खपणारी रुंद आसेची जाळी आज कोणी मागितली तर मला आनंद होतो.

२०२३ मध्ये सरकारनं पापलेटला राज्यमासा घोषित केलं आणि त्याच वर्षी मासे धरण्याचे किमान आकार ठरवून दिले. पापलेटसाठी १३५ मिलिमीटर, बोंबलासाठी १८०. आम्ही त्याआधीपासूनच बारीक आसेचा दालदा ठेवणं बंद केलं होतं. काही गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं, ते जाणारच होतं. पण हा निर्णय बरोबर होता असं मी कोणासमोरही सांगेन. पिल्लं संपली तर पुढच्या पिढीतल्या तांडेलाला मी विकणार काय?

आमचा खरा हंगाम पावसाळी मासेमारीबंदीत दर्या बंद असतो तेव्हा. १ जून ते ३१ जुलै बोटी शाकारलेल्या, घरोघरी जाळी पसरलेली. पैसे मात्र नारळी पौर्णिमेनंतर, मासळी आली की. ही उधारी आम्ही नाखव्याशी, म्हणजे बोटमालकाशी, ठरवत नाही, त्याच्या घरच्या बाईशी ठरवतो. मासळी ती विकते, पैसा तिच्या हातात असतो आणि खलाशांचा पगार, डिझेल, बर्फ सगळं तिला तोंडपाठ असतं. “दादा, गणपतीपर्यंत अर्धे, बाकी दिवाळीला,” असं तिनं सांगितलं की आम्ही वहीत तेवढंच लिहितो.

आता गिऱ्हाईकाच्या बोलण्यात दोन गोष्टी सारख्या येतात. खाडीत साचलेला गाळ, त्यामुळे भरती बघूनच बोट आत-बाहेर करावी लागते. आणि डहाणूजवळ होणारं वाढवण बंदर. ३० ऑगस्ट २०२४ ला त्याची पायाभरणी झाली. डहाणूकडच्या ज्या पाण्यात आमच्या भागातल्या बोटी जातात, तिथे उद्या जाळी टाकता येईल का, हा प्रश्न दुकानात बसून लोक मला विचारतात. काहींनी या वर्षी नवा दालदा न घेता जुनाच सांधून घेतला. सांधायचं काम वाढलंय, म्हणून मावशींच्या हाताखाली वाडीतल्या दोन मुली शिकायला घेतल्या आहेत. उधारीची वही पूर्वीसारखीच उघडी आहे.