आमच्या आठशेच्या पेट्रोलनळ्या

वास आधी आईला आला. तुळशीला पाणी घालून आत आली आणि म्हणाली, "अरे, गाडीपाशी स्टोव्हसारखा वास येतोय." मी जाऊन नाक लावलं, मला काही जाणवलं नाही. रोज त्याच गाडीत बसून नाक मेलेलं असतं.

गाडी म्हणजे आप्पांनी १९९७ साली घेतलेली मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या यंत्रणेची. आप्पा गेले, गाडी राहिली. ग्रीन टॅक्स भरून, दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण करून ती चालती ठेवली आहे. भंगारात घालायचा विषय आमच्या घरात कोणी काढत नाही.

त्याच सुमारास आणखी एक दुखणं सुरू झालं होतं. रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ मारतच बसायचं. दुपारी मात्र एका झटक्यात चालू. हे दुखणं वेगळं, वास वेगळा, असं मी धरून चाललो. प्लग बदलले, बॅटरीसुद्धा नवीन घेतली. पैसे गेले, सकाळ तशीच.

शेवटी रविवारी बॉनेट उघडून नळ्यांवरून बोट फिरवलं. या गाडीच्या इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपाला तीन नळ्या. एक टाकीतून पेट्रोल आणते, एक कार्ब्युरेटरकडे देते, तिसरी उरलेलं टाकीकडे परत नेते. कार्ब्युरेटरकडच्या नळीच्या जागी कुठल्याशा गॅरेजवाल्यानं कधीतरी मोटारसायकलची पारदर्शक पाइप घातली होती. ती गुळासारखी पिवळी पडली होती आणि बांगडीसारखी कडक. परतीची नळी दिसायला ठीक होती, पण वाकवली तशा क्लिपेच्या कडेला टाचेला पडतात तशा भेगा उघडल्या. तिथेच ओल होती आणि ओलीवर धूळ चिकटलेली. वास तिथून येत होता.

नाना पेठेत दुकानदारानं विचारलं, "साधी देऊ का इंजेक्शनची?" इंजेक्शनची, म्हणजे फ्युएल इंजेक्शनच्या नव्या गाड्यांसाठीची नळी, जवळजवळ तिप्पट महाग. तिच्यावर एसएई जे३० आर९ असं, पेट्रोलच्या नळ्यांच्या मानकाचं नाव, छापलेलं असतं. आतला थर फ्लोरो रबराचा, त्याला इथेनॉल फारसं बाधत नाही. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे रबरी भाग त्याला चालतील असे करायला लावले, आपल्या १९९७ च्या गाडीला कोण विचारतो? जुनं नायट्राइल रबर इथेनॉलनं फुगतं, त्यातला मऊपणा आणणारा अंश निघून जातो आणि मग ते वाळून चिरतं. तरी सगळं खापर इथेनॉलवर फोडू नये. इतकी वर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहिलेलं रबर तसंही टिकत नाही.

माप मात्र वर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावूनच न्यावं. सैल नळी घेऊन क्लिप आवळू, असा विचार करू नये. क्लिपाही बदलल्या. भोकं पाडलेल्या पट्टीच्या जुबली क्लिपा मऊ रबरात रुततात, म्हणून सपाट पट्टीच्या, बोल्टाच्या छोट्या क्लिपा घेतल्या.

काम उघड्यावर केलं. टाकी रिझर्व्हला आलेली, बॅटरीची मायनस वायर काढलेली, आग विझवायचा सिलिंडर हाताशी. आईला सांगून ठेवलं होतं की आज अंगणात उदबत्तीसुद्धा नको. घट्ट बसलेली नळी मी पक्कडीनं ओढायला लागलो होतो, तेवढ्यात पंपाची पितळी नळी हलल्यासारखी वाटली आणि हात आखडला. मग ब्लेडनं रबराला उभी चीर दिली, केळीच्या सालीसारखं निघालं. आतून बोट फिरवलं तर काजळासारखं काळं लागलं. फिल्टरमधले काळे कण कुठून येत होते ते तेव्हा कळलं. टाकीकडून येणाऱ्या नळीच्या तोंडात जाड बोल्ट खोचला, तोवर कोपरापर्यंत पेट्रोल ओघळलं होतं. एकेकच नळी बदलली. तिन्ही एकदम काढल्या असत्या तर कुठली कुठे, यात संध्याकाळ झाली असती.

वास गेला. सकाळचं सेल्फ मारणं गेलं नाही.

आमच्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिक चाचांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "दादा, टाकीकडची नळी बघितली का?"

"तिथं गळत नाहीये, चाचा."

"गळणारच नाही. पंपाच्या पुढची नळी फाटली की पेट्रोल बाहेर येतं. मागची फाटली की पंप हवा ओढतो. रात्रभरात पेट्रोल मागं टाकीत उतरतं, सकाळी पंपाला पुन्हा भरून घ्यावं लागतं."

गाडी खालून बघता यावी म्हणून दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतली. लोखंडी पाइप संपून टाकीला रबर जोडलंय तिथे खालून बघितलं तर सगळं छान. चाचांनी स्कूटरचा मोडका आरसा वर सरकवला आणि टॉर्च मारला. नळीच्या पाठीवर, वरच्या अंगाला, नखाएवढी चीर. ती खालून कधीच दिसली नसती. मी स्वतः दोन तास घालवून समोर दिसणाऱ्या तीन नळ्या बदलल्या होत्या, खरं दुखणं सीटखाली होतं.

ती नळी आणि शेजारची पेट्रोलच्या वाफेची बारीक नळी, दोन्ही चाचांनी बदलल्या. इंजिन तापेपर्यंत चालवून, बंद करून, दहा मिनिटांनी सगळे जोड पुन्हा चाचपले, कारण गरम झाल्यावर रबर बसतं आणि क्लिप थोडी सैल पडते. एक क्लिप अर्धा फेरा आवळावी लागली. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं. सकाळी कागद कोरडा होता आणि गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली.

पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंतची जाड नळी तेवढी राहिली आहे. ती कडक झाली आहे, पण त्या मापाची बाजारात मिळेना. दुकानदारानं पंधरा दिवस सांगितलेत. तोवर पंपावरच्या पोराला म्हणतो, "पाचशेचंच टाक, फुल नको."