दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा मफलर

स्वेटरला आतली बाजू असते, मफलरला नसते. गळ्याभोवती एक वेढा घेतला की एक टोक सुलट पडतं, दुसरं उलट, आणि चालता चालता दोन्ही पलटत राहतात. म्हणून दोन सुयांवर मफलर विणायला घेताना मी एकच अट ठेवली: दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत. वीण कोणती, लोकर कशी, नवा गुंडा कुठे जोडायचा, टोकं कुठे लपवायची, हे सगळं पुढे त्या अटीवरूनच ठरत गेलं.

पहिल्याच फटक्यात नेहमीची वीण बाद झाली. एक ओळ सुलट (समोरून गुळगुळीत व्हीसारखा दिसणारा टाका), एक ओळ उलट (समोर आडव्या मण्यासारखा उंचवटा येणारा टाका) अशी वीण स्वेटरवर छान दिसते, पण मफलरमध्ये तिच्या उभ्या कडा मागे वळतात आणि खालची-वरची कड पुढे गुंडाळली जाते. सगळे टाके एकाच बाजूला तोंड करून असल्यामुळे कापडाचा ओढा एकतर्फी होतो. धुवून, टाचण्या लावून वाळवलं तरी थोड्या दिवसांत त्याची पुन्हा सुरळी होते. सगळ्या ओळी सुलट विणल्या तर कापड सपाट राहतं, पण उभं फार ताणतं, आणि मफलर स्वतःच्या वजनाने लांबत जातो. एक सुलट एक उलट करत टाक्यावर टाका ठेवून उभ्या पट्ट्या काढल्या तर दोन्ही बाजू सारख्या येतात, मात्र वीण आक्रसते आणि मफलर चिंचोळा होतो.

उरली मॉस वीण. यातही एक सुलट, एक उलट असंच विणायचं, फक्त पुढच्या ओळीत उलट दिसणाऱ्या टाक्यावर सुलट आणि सुलट दिसणाऱ्यावर उलट घ्यायचा. शेजारशेजारच्या टाक्यांचा ओढा परस्परविरुद्ध असल्यामुळे कापड कुठेच वळत नाही, आणि दोन्ही बाजूंना तोच बारीक दाणेदार पोत येतो. धागा टाक्यागणिक पुढे-मागे न्यावा लागतो, त्यामुळे काम सावकाश होतं, हे खरं. पण सुरुवातीला शिकायला याहून चांगली वीण नाही असं माझं ठाम मत आहे.

लोकर मी एकरंगी, फिक्या रंगाची आणि घट्ट पिळाची घेतली. पोत दिसतो तो मण्यांच्या सावलीमुळे. गडद रंगात ती सावली बुडते, अनेक रंगांच्या धाग्यात नजर रंगांकडेच जाते आणि केसाळ लोकरीत टाका ओळखूच येत नाही. मध्यम जाडीची शुद्ध लोकर, 100 ग्रॅमचे दोन गुंडे, आणि 5 मिलिमीटरच्या सुया. मफलरसाठी सुई थोडी जाड असलेलीच बरी, कापड गळ्याला मऊ पडतं.

नमुन्याचा तुकडा विणायचा अनेकांना कंटाळा येतो. मी हाताएवढा चौकोन विणला आणि मोजण्याआधी तो धुतला. शुद्ध लोकर पाण्यातून निघाली की फुलते आणि टाके सैलावतात. न धुता घेतलेलं माप कोरड्या तुकड्याचं असतं, वापरातल्या मफलरचं नव्हे. धुतलेल्या तुकड्यात 10 सेंटिमीटरला 17 टाके बसले. मला रुंदी 20 सेंटिमीटर हवी होती, म्हणजे 34 टाके. मी 35 घातले, कारण विषम संख्येत प्रत्येक ओळ एकसारखीच सुरू होते आणि ही ओळ कोणती हा प्रश्नच उरत नाही. टाके घालताना, म्हणजे सुईवर सुरुवातीची ओळ चढवताना, त्या ओळीत खर्ची पडणारं धाग्याचं शेपूट रुंदीच्या साधारण चौपट सोडलं. तिपटीत भागतं, पण शेवटचे दोन टाके राहिले असताना धागा संपला तर सगळं उसवावं लागतं.

पहिल्या चार-पाच ओळींत काहीच कळत नाही. नुसता गुंता दिसतो, आणि तिथेच हात सोडावासा वाटतो. दोन बोटं भरली की वीण दिसायला लागते. मग मनात 'सुलट, उलट' म्हणत बसण्यापेक्षा डाव्या सुईवरच्या पुढच्या टाक्याकडे बघायचं. त्याच्या गळ्याशी आडवा मणी असेल तर तो सुलट विणायचा. मणी नसून गुळगुळीत व्ही दिसला तर उलट. बस्स. कुणी हाक मारली, काम मध्येच ठेवलं, दुसऱ्या दिवशी हातात घेतलं, तरी आपण कुठे होतो हे सुईच सांगते. एवढं जमल्यावर माझी मोजदाद सुटली आणि विणायला खरी मजा येऊ लागली.

एक गोष्ट हाताला लावून घ्यावी लागते. सुलट विणताना धागा मागे हवा, उलट विणताना पुढे, आणि तो न्यायचा दोन सुयांच्या मधून. सुईवरून नेला तर एक जादा वेटोळं पडतं, पुढच्या ओळीत त्याचा टाका होतो आणि खाली भोक राहतं. दर काही ओळींनी टाके मोजले की हे लगेच लक्षात येतं.

मधल्या भागात एक टाका सुईवरून निसटला आणि तीन ओळी खाली उतरला. अशा वेळी कापड ओढायचं नाही. सपाट जागेवर ठेवायचं आणि क्रोशाची सुई घ्यायची. निसटलेल्या टाक्याच्या वर शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसतात. साध्या विणीत सगळ्या पायऱ्या एकाच तऱ्हेने चढतात; मॉस विणीत एक आड एक. सुलट टाका हवा असेल तर पायरी टाक्याच्या मागे ठेवून, सुई पुढून घालून धागा पुढे ओढायचा. उलट हवा असेल तर पायरी टाक्याच्या पुढे घ्यायची, सुई मागून घालायची आणि धागा मागे ओढायचा. कुठे काय हवं ते शेजारचा टाका सांगतो: तो सुलट असेल तर हा उलट. तीन पायऱ्या चढवायला बराच वेळ लागला, पण नंतर ती जागा मला स्वतःलाही शोधून सापडली नाही.

कडांसाठी दोन्ही टोकांचा एकेक टाका मी विणीतून वेगळा ठेवला. ओळ सुरू करताना धागा पुढे ठेवून पहिला टाका उलट विणल्यासारखी सुई घालून नुसता उचलायचा, मग धागा मागे न्यायचा. शेवटचा टाका नेहमी सुलट. मधले 33 मॉस विणीत. यामुळे दोन्ही कडांना साखळीसारखी रेघ येते आणि ती दोन्ही बाजूंनी तशीच दिसते.

दुसरा गुंडा जोडताना गाठ मारली नाही. गाठ एका बाजूला दडवली तर दुसरीकडे दिसणार, आणि इथे तर दडवायला बाजूच नाही. शुद्ध लोकरीला एक सोय असते: तिच्या तंतूंवर बारीक खवले असतात आणि ओलावा, ऊब, घर्षण मिळालं की ते एकमेकांत अडकतात. दोन्ही टोकांचा पीळ बोटभर उलगडला, निम्मे पदर कमी केले, टोकं एकमेकांवर ठेवून ओली केली आणि तळहातांत जोरात चोळली. धागा सलग झाला. अॅक्रिलिकला किंवा यंत्रात धुता येईल अशी प्रक्रिया केलेल्या लोकरीला हे चालत नाही. तिथे कडेला नवा धागा सुरू करून वीतभर टोकं सोडावीत.

शेवटचे टाके विणीतच बंद केले, म्हणजे सुलटावर उलट आणि उलटावर सुलट घेत, त्यामुळे दाणा कडेपर्यंत पोचतो. त्यासाठी उजव्या हातात एक नंबर जाड सुई घेतली, नाहीतर वरची कड आवळते आणि मफलरची दोन टोकं वेगवेगळ्या रुंदीची दिसतात. सुरुवातीचं आणि शेवटचं टोक बोथट सुईने मण्यांच्या वाटेनेच आत फिरवलं, थोडं पुढे, मग परत मागे.

मग कोमट पाण्यात, लोकरीच्या द्रव साबणाचे थेंब टाकून, वीसेक मिनिटं भिजवला. चोळायचा नाही, पिळायचा नाही. ज्या घर्षणाने धागा जोडला गेला त्यानेच अख्खा मफलर आटून नमद्यासारखा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या जाड थरासारखा होईल. टॉवेलमध्ये गुंडाळून वरून दाबला आणि सपाट पसरून, कडा सरळ करून टाचण्या लावल्या. ओला मफलर दोरीवर टाकला तर लांबतो आणि अरुंद होतो. रुंदी नमुन्याने सांगितल्याप्रमाणे 20 सेंटिमीटरच्या थोडी वर भरली, लांबी 170. आत फिरवलेल्या धाग्यांची शेपटं पूर्ण वाळल्यावरच कापली. वीण ओली असताना पसरते तेव्हा ती थोडी आत सरकतात, आणि आधीच कापलेली असली तर एखाद्या बाजूने हमखास डोकं वर काढतात.