स्केटबोर्डचा नवा डेक घेताना कॉन्केव्ह आणि किक मी कशी पडताळतो

डेक म्हणजे स्केटबोर्डची फळी, कॉन्केव्ह म्हणजे तिचा रुंदीतला खोलगटपणा आणि किक म्हणजे टोकांकडचा वर वळलेला भाग. कॉन्केव्हसाठी वापरतात त्या ‘डीप’, ‘मीडियम’, ‘मेलो’ (सौम्य) या शब्दांना ठरलेलं असं कुठलंच प्रमाण नाही. एकाचं मीडियम दुसऱ्याच्या डीपइतकं खोल निघू शकतं. म्हणून नवा डेक वापरातल्या डेकशेजारी ठेवून मी स्वतःच मोजतो. लागतं काय, तर स्टीलच्या दोन सरळ पट्ट्या, व्हर्नियर आणि फोनमधलं कोन दाखवणारं ॲप.

सगळ्यात आधी पीळ. ट्रक (चाकं धरणारा धातूचा भाग) बसवायच्या पुढच्या आणि मागच्या भोकांजवळ एकेक पट्टी आडवी ठेवून टोकाकडून एका डोळ्याने पाहायचं. पट्ट्या समांतर दिसत नसतील तर तो डेक बाजूला, पुढची मापं घेण्यात अर्थ नाही.

कॉन्केव्हसाठी पट्टी दोन्ही कडांवर टेकवून मध्यावरची खोली व्हर्नियरच्या दांडीने घेतो. एकदा मधोमध, एकदा प्रत्येक ट्रकपाशी. पण नुसता आकडा फसवतो. खोली सारखी असूनही एका डेकचा उतार बशीसारखा सलग असतो, तर दुसऱ्याचा मधला भाग सपाट राहून कडा एकदम वर येतात. दुसऱ्या प्रकारात फ्लिपला (बोर्ड हवेत फिरवताना) पाय कडेवर चटकन अडकतो, मात्र बराच वेळ उभं राहिलं की तळवे बोलायला लागतात. शिवाय तीच खोली ८ इंची डेकवर ८.५ इंचीपेक्षा जास्त तीव्र वाटते, कारण उताराला जागा कमी मिळते.

त्याच मॉडेलचा दुसरा डेक घेतला तरी मोजतो. प्रेसमध्ये अनेकदा चार-पाच डेक एकावर एक ठेवून दाबतात आणि त्या चळतीतल्या जागेप्रमाणे वाक थोडा बदलतो.

किकमध्ये तीन गोष्टी वेगळ्या धरायच्या: लांबी, कोन आणि वाक कुठून सुरू होतो ते. लांबी बाहेरच्या भोकांपासून टोकापर्यंत. ३२ इंची डेकचा हिशेब असा: व्हीलबेस (दोन ट्रकच्या आतल्या भोकांमधलं अंतर) १४.२५, प्रत्येक ट्रकच्या आतल्या-बाहेरच्या भोकांमधलं अंतर २.१२५ अधिक २.१२५, नोज (पुढची किक) ७, टेल (मागची किक) ६.५. बेरीज जुळत नसेल तर कुणीतरी टेप वाकावरून फिरवलेली असते. कोनासाठी ॲप भोकांच्या मधल्या सपाट जागेवर शून्य करून मग किकच्या शेवटच्या सरळ भागावर ठेवतो. वाक बोल्टला लागूनच सुरू होत असेल तर पाय ठेवायला सपाट जागा कमी उरते. हे कोनाच्या आकड्यात दिसत नाही.

तीव्र टेल जमिनीपासून उंच राहते. तिला खाली जायला जास्त अंतर लागतं, म्हणून पॉप (टेल आपटून बोर्डाला मिळणारी उसळी) उशिरा पण उंच. बसकी टेल पटकन आपटते. उंचीची तुलना करताना ट्रक आणि चाकं तीच हवीत: ५२ ऐवजी ५४ मिमीची चाकं लावली की टोक १ मिमी वर जातं. वापरलेल्या डेकची टेल घासून आखूड झालेली असते, तेव्हा तिथे नोजशी नोज ताडून पाहणं जास्त भरवशाचं.

शेवटी व्हीलबाइट, म्हणजे वळताना चाक डेकला घासणं. खोल कॉन्केव्हमध्ये कडा वर उचललेल्या असतात, त्यामुळे वळताना चाकाला जागा मिळते. सपाट डेकवर तेच ट्रक, तीच चाकं घासू लागली तर १/८ इंचाचा रायझर (ट्रक आणि डेकमधली चकती) घालतो, आणि त्याबरोबर बोल्टही तेवढेच लांब घेतो.